आतली कडी

गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीने इंग्लंडहून फोनवर फोटो पाठवले. यजमानांच्या नोकरीमुळे ती तिकडे असते. सुट्टी होती म्हणून मुलांना घेऊन दोघं सॉमरसेट भागात जुनी गावं पाहत फिरली. तिकडे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. दगडी घरं, चर्चचे मनोरे, गवताची शाकारणी. आणि दर चार फोटोंमागे एक पब! नॉर्टन सेंट फिलिप नावाच्या खेड्यातला 'जॉर्ज इन' तर शेकडो वर्षांचा जुना. जवळच्या मठातल्या साधूंनी तो चौदाव्या शतकात बांधला म्हणे. कशासाठी, तर मठाची लोकर साठवायला आणि वाटसरूंना उतरायला. लंडनचा तो प्रसिद्ध रोजनिशीवाला सॅम्युअल पेपिस १६६८ साली बायकोला घेऊन तिथे जेवला होता आणि जेवणाला दहा शिलिंग पडले हेही त्याने लिहून ठेवलं आहे. हिशेब ठेवणारा पुरुष मला तरी फार आवडतो.

फोटो मी सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तं दारूचं दुकान व्हय ना? याचे फोटो काहाले धाडले तिनं?"

मी समजावलं, की तिकडे बायकापोरंही तिथे बसतात, जेवतात, वर राहायच्या खोल्या असतात. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. फोन माझ्या हातात देऊन वाती वळायला बसल्या. हे मौन लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

एका फोटोत पबच्या पाटीवर लाल कोटातला एक साहेब रंगवलेला होता. नाव 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन'. या नावाचे पब इंग्लंडात जागोजागी आहेत म्हणे. मी बहिणीला लगेच लिहिलं, "अगं, हा तर आमच्या गावाकडून गेलेला माणूस!" तिला वाटलं मी थट्टा करते आहे. पण खरंच हो. वॉटर्लूला नेपोलियनला हरवण्याच्या बारा वर्षं आधी हा साहेब आमच्या अकोटजवळ अडगावच्या मैदानात लढत होता. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. १८०९ साली त्याला उमराव केलं, तेव्हा याच सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावाचं नाव त्याने घेतलं.

आता मला सांगा, ज्याच्या नावाने तिकडे गावोगाव पाट्या लागल्या, त्याची लढाई जिथे झाली ते अडगाव आपल्यापैकी कितीजणींनी त्या नजरेने पाहिलं आहे? मी अकोटात लग्न होऊन आले, शाळेत अर्धवेळ शिकवते, इतिहास घेऊन बी. ए. झाले, आणि हिवरखेडला लग्नकार्याला जाताना अडगाव स्टँडवर फक्त पेरू घेतले आहेत!

तेव्हा आमच्या भिशीतल्या आम्ही आठजणींनी ठरवलं, की या महिन्याची भिशी गाडीत करायची. सकाळी नरनाळा, दुपारनंतर अडगाव. घरचे म्हणाले, "बायकाबायकाच?" म्हटलं, हो, बायकाबायकाच.

नरनाळा अकोटच्या उत्तरेला वीस-बावीस किलोमीटर. पायथ्याशी शहानूर गाव. किल्ला मेळघाटच्या जंगलात असल्यामुळे नाक्यावर वनखात्याकडे नोंद करावी लागते आणि अंधाराच्या आत परतावं लागतं. एक किल्ला म्हणतो खरा, पण हे तीन किल्ले एकाला एक जोडलेले आहेत. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड. चढून गेल्यावर महाकाली दरवाजा लागतो. मैत्रिणींनो, या दरवाज्यासाठी तरी जाच. १४८७ साली, बहामनी काळात बांधलेला. दगडात अशी कमळं आणि जाळी कोरली आहे, की आपण रुमालाला क्रोशाची लेस विणतो तिची आठवण व्हावी. आमच्यातली एकजण तर नमुना उतरवून घ्यायला कागद-पेन्सिल मागू लागली.

वर तळी आहेत, नऊगजी तोफ आहे, राणीमहाल आहे. पण आम्हा सगळ्यांची गर्दी जमली ती तेल-तुपाच्या टाक्यांपाशी. दगडी, वरून झाकलेल्या. लोक म्हणतात यात गडाचं तेल-तूप साठवत. जाणकारांचं मत, की या पाण्याच्याच टाक्या. मलाही पाण्याच्याच वाटतात. दगडाच्या टाकीत तूप ठेवलं तर उन्हाळ्यात काढणार कसं आणि धुणार कोण, हे त्या गोष्टी रचणाऱ्या पुरुषांना कुठून सुचणार!

पाण्यावरून आठवलं. या सहलीला पाणी घरून भरपूर न्या. आमच्या पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा मोठा पट्टा खारपाणाचा. त्या गावांतल्या विहिरीच्या पाण्यात डाळसुद्धा धड शिजत नाही, चहाला वेगळीच चव येते. जेवणाला दशम्या, तिळाची कोरडी चटणी आणि कांदा पुरे. दशम्या दुधात भिजवल्या तर दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, पण उन्हाळ्यात हा प्रयोग नको, आंबतात. आणि डबे स्टीलचेच न्या. जंगलात प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून येणारी मंडळी पाहिली की माझ्यातली बाई जागी होते, म्हणजे शाळेतली बाई.

उतरून अडगावला गेलो. पाहण्यासारखं काय, विचाराल तर शेतं. कपाशी आणि तूर. पण ती तारीख ठाऊक असली की शेत वेगळं दिसतं. २९ नोव्हेंबर १८०३. दोन महिन्यांपूर्वी असईची लढाई झालेली. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य आणि शिंद्यांचे घोडेस्वार इथे उभे होते. इंग्रजांची फौज सिरसोलीकडून येत होती. तोफा सुरू होताच त्यांच्या काही पलटणी चक्क पळत सुटल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा रांगेत आणलं. संध्याकाळ होत आली होती. पुढे मराठ्यांची फळी फुटली, ३८ तोफा गेल्या, आणि चांदण्या रात्री इंग्रजांचे घोडेस्वार पाठलाग करत राहिले. मी हे सांगत होते तेव्हा बांधावर कापूस वेचणाऱ्या दोन बाया ओटी सावरत आमच्याकडे पाहत होत्या. चांदण्यातला तो पाठलाग अशाच पिकातून झाला असणार, आणि त्या पिकाचं पुढे काय झालं हे काही कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही.

त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढतालढता मेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह भोसल्यांशी, ३० तारखेला सुर्जी-अंजनगावचा तह शिंद्यांशी. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. नरनाळा आणि गाविलगड तेवढे तेव्हा भोसल्यांकडे राहिले. म्हणजे पहा, शाळेत आपण पाठ केलेल्या या तहांची गावं अकोटहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी. अंजनगावला आपण जातो ते विड्याच्या पानांसाठी आणि पानपिंपरीसाठी!

आता खरी गोष्ट सांगते. परत येताना एका गावात चहाला थांबलो. गावाचं नाव नको, कारण ते कुठलंही गाव असू शकतं. हॉटेलात बाकं होती आणि बाकांवर पुरुष होते. आम्ही आठजणी आत शिरताच बोलणं थांबलं. कोणी वाईट वागलं नाही, एकाने जागाही करून दिली. तरी आम्ही चहा गाडीतच घेतला. आमच्यातल्या एका ताईंना साखरेचा आजार आहे. त्यांनी चहा घेतला नाहीच, आणि मग कळलं की सकाळपासून पाणीही घेतलेलं नाही. का, तर वाटेत जायची सोय नाही म्हणून. सोबत आम्ही चार बाटल्या पाणी परत घेऊन चाललो होतो!

चहावाल्याच्या बायकोने हे ऐकलं. म्हणाली, "मागं धर्मशाळा हाये, बंद असते. चावी आमच्याकडेच हाये." कुलूप गंजलेलं होतं. आत चौक, विहीर, दगडी ओसरी, भिंतीत दिव्याचे कोनाडे. चौकात कोणीतरी कडबा रचून ठेवलेला. मागच्या बाजूला बायकांची वेगळी खोली, तिच्या मागे मोरी. त्या खोलीच्या दाराला आतून जाडजूड लोखंडी कडी. आम्ही तासभर तिथे पाय पसरून बसलो. दिवसभरात पहिल्यांदाच आमच्यापैकी कोणी पदराकडे लक्ष दिलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना हे सगळं सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "कडी होती काय आतून?"

मग त्या बोलल्या. त्यांच्या वडिलांना दारूचं व्यसन होतं, हे मला लग्नाला बारा वर्षं होऊन त्या रात्री कळलं. "मायनं आमाले दोघी बहिणीले घेतलं अन् रातीच निघाली. धर्मशायेत दोन रात्री राह्यलो. कोनं काही इचारलं नाही. शिधा देल्ला. माय राती तीनदा उठून थे कडी पाहे." तिसऱ्या दिवशी आजोळचा छकडा आला. एवढंच. पबचे फोटो पाहून त्या का गप्प झाल्या ते मला तेव्हा कळलं.

आपल्याकडच्या धर्मशाळांचं मोठं नाव म्हणजे गाडगेबाबा. त्यांचं जन्मगाव शेंडगाव याच अंजनगाव तालुक्यातलं, जन्म १८७६ चा. त्यांचे वडीलही दारूपायीच गेले. बाबांनी पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधवला, १९१७ साली पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली, नाशिकला, आळंदीला, देहूला बांधल्या. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या केल्या आणि स्वतःच्या बायकोला मात्र झोपडीत ठेवलं. हे मोठेपण मला समजतं, तरी कुंताबाईंना कोणी विचारलं होतं का, असं मनात येतंच. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटा रुग्णालयात उपचाराला येणाऱ्यांना तिथे आसरा मिळतो. आपल्याकडून तिकडे जाणारे पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम सांगून ठेवते. शेगावचं भक्तनिवास तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तीर्थाच्या ठिकाणी सोय आहे. अडचण आहे ती मधल्या गावांची, जिथे देव प्रसिद्ध नाही.

इंग्लंडातल्या त्या जॉर्ज इनलाही साधूंनीच उभं केलं होतं. तिथे लोकर होती, इथे कापूस. त्यांच्या इनमध्ये आज पाहुणे उतरतात आणि आमच्या ओसरीवर कडबा. त्या गावच्या सरपंचबाईंना मी पत्र लिहिलं आहे, की निदान बाजाराच्या दिवशी तरी मागची खोली आणि मोरी बायकांसाठी उघडी ठेवा, झाडझूड आणि फिनेल आमची भिशी बघेल. त्यांनी या सोमवारी बोलावलं आहे. तुमच्या गावात असं एखादं कुलूप असेल, तर चावी कोणाकडे आहे एवढं तरी विचारून ठेवा, आणि मला कळवा.

पुढची भिशी दर्यापूरकडे, लासूरला. पूर्णेकाठचं यादवकाळातलं आनंदेश्वराचं देऊळ पाहायचं आहे. सवड झाली तर एखाद्या रविवारी अचलपूरचा हौज कटोरा आणि मग रिद्धपूरही. महदाइसेने धवळे गायले ते रिद्धपूर, म्हणजे मराठीतल्या आपल्या पहिल्या कवयित्रीचं गाव.

लासूरला सासूबाईही यायचं म्हणताहेत. दशम्या त्याच करणार. काल त्यांनी फोन मागून घेतला आणि ते जॉर्ज इनचे फोटो पुन्हा पाहिले, बोटाने मोठे करकरून. मग म्हणाल्या, "तिले इचार बरं, वरच्या खोल्याले कड्या कोनत्या अंगानं हायेत?"

मी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.