प्रशिक्षक बदलण्यापूर्वी

संघ हरला की ‘प्रशिक्षक बदला’ अशी हाकाटी फुटबॉलच्या चाहत्यांत उठतेच. ती सदैव अनाठायी असते असे नव्हे. परंतु गोव्याचा अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०२० च्या जानेवारीअखेर, इंडियन सुपर लीगच्या साखळीतील केवळ तीन सामने उरले असता व संघ अग्रस्थानी असता, एफसी गोवाच्या चालकांनी सर्जिओ लोबेरा यांस दूर केले. क्लिफर्ड मिरांडा यांच्या देखरेखीखाली संघाने लीग शील्ड जिंकले खरे, पण ते पीक बव्हंशी लोबेरांनीच पेरलेले होते. उपांत्य फेरीत चेन्नईयिनपुढे संघ हरला. पुढल्याच हंगामात लोबेरांनी मुंबई सिटीस शील्ड व चषक दोन्ही मिळवून दिले, आणि उपांत्य फेरीत त्यांच्या हातून पराभूत झाला तो गोव्याचाच संघ!

म्हणून प्रशिक्षकास कधी हलवूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. मात्र त्याचे नेमके काय चुकले व त्याच्या जागी येणारा वेगळे काय करणार, यांची उत्तरे आधी हवीत. ती नसता केलेला बदल म्हणजे केवळ राग काढणे होय. शिरूर अनंतपाळच्या वाचकास हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु शाळेचा निकाल घसरताच मुख्याध्यापक बदलण्याची मागणी करणाऱ्या पालकांनाही हीच कसोटी लागू आहे.