परांचीवरील कामगाराला काम थांबविण्याचा अधिकार हवा

तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका खासगी शाळेत ९४ बालके होरपळून मृत्युमुखी पडली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचली, आणि वरच्या मजल्यावरून खाली उतरण्याची वाट अरुंद होती. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. यातील एकही गोष्ट गुप्त नव्हती. छप्पर डोळ्यांसमोर होते, जिना रोजच्या पायाखालचा होता. तंजावरच्या न्यायालयाचा निकाल लागण्यास दहा वर्षे गेली. २०१४ मध्ये संस्थापकासह दहा जण दोषी ठरले, अकरा जण सुटले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने संस्थापकाची जन्मठेप भोगलेल्या मुदतीपुरती कमी केली.

कुंभकोणमची इमारत उभी होती, वापरात होती. जी इमारत अद्याप उभी राहत आहे, तेथेही धोका असाच सर्वांना दिसत असतो. फरक इतकाच की तेथे बळी पडतात ते गवंडी, बिगारी आणि त्यांची मुले. चेन्नईजवळ मौलिवाक्कम येथे २८ जून २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली अकरा मजली इमारत कोसळून ६१ जण ठार झाले. त्यापूर्वी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ एक अनधिकृत इमारत पडून ७४ जणांचा अंत झाला. वरचे मजले चढत असतानाच खालच्या मजल्यांवर मजुरांची कुटुंबे राहत होती. पुण्यात कोंढवा येथे २९ जून २०१९ च्या पहाटे मजुरांच्या झोपड्यांवर भिंत कोसळली आणि पंधरा जीव गेले. प्रत्येक वेळी पावसाला, नशिबाला वा निकृष्ट सिमेंटला दोष देऊन मूळ प्रश्न टाळला जातो. भिंतीच्या कडेला झोपड्या कोणी घालू दिल्या? स्लॅब पक्का होण्यापूर्वी त्यावर पुढचा मजला चढविण्याची घाई कोणाच्या नफ्यासाठी?

कायदे नव्हते असे नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षा समितीची तरतूद होती. परंतु ती पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती. उपकंत्राटांत वाटलेल्या, पंचवीस-तीस मजुरांच्या कामावर समितीचे नावही नव्हते. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. जिवावर बेतणारा धोका दिसल्यास कामगाराने तो मालकाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणावा, असे ती सांगते. पण ज्याची रोजंदारी मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने मुकादमाविरुद्ध अर्ज करावा आणि उत्तर येईपर्यंत त्याच परांचीवर उभे राहावे, हा न्याय नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकामविषयक ठरावाने तात्काळ धोक्यापासून दूर होण्याचा कामगाराचा हक्क मान्य केला आहे. तोच हक्क येथे, मजुरी न कापता, मिळाला पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कामगारसंख्या कितीही असो, प्रत्येक बांधकामावर कामगारांनी निवडलेला सुरक्षा प्रतिनिधी हवा. परांची, सेंट्रिंग आणि खोदाईची तपासणी त्याच्यासमोर व्हावी व तिची नोंद कामगारांच्या भाषेत फलकावर लागावी. मजुरांची वस्ती अर्धवट इमारतीत वा खोदलेल्या कडेला असता कामा नये. हेल्मेट आणि पट्टा मालकाने पुरवावा. त्याचा पैसा मजुरीतून वळता होऊ नये. अपघातानंतर चौकशी झालीच पाहिजे, परंतु मुख्य कंत्राटदाराची जबाबदारी अपघातापूर्वीच ठरलेली असली पाहिजे.

कुंभकोणमच्या दुर्घटनेनंतर तामिळनाडूतील शाळांवरील शाकारलेली छपरे उतरविण्याचे आदेश निघाले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांसाठी सुरक्षेचे निर्देश दिले. हे सारे त्या मुलांच्या मृत्यूनंतर झाले. बांधकाम मजुरांबाबत तीच रीत चालू राहू द्यायची नसेल, तर निरीक्षकाची वाट पाहत न बसता प्रत्येक कामगार नाक्यावर संघटना उभी करणे, हे आजचे तातडीचे कार्य आहे.