ऑन देऊन गाडी घ्यावी का?



दिवाळीचा फराळ संपत आला होता. दुपारची जेवणं उरकून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात थोरला स्वयंपाकघरात आला. पोरगं कामाशिवाय स्वयंपाकघरात येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणाला, "आई, गाडी मिळतीय. एकाचं बुकिंग आहे, तो सोडतोय. पण चार लाख ऑन मागतोय."

ऑन हा शब्द आपल्या पिढीला माहीत आहे. आजच्या सुनांसाठी सांगते. कंपनीनं जी किंमत ठरवलेली असते, तिच्यावर 'लवकर मिळावी' एवढ्याचसाठी जे पैसे मोजतात, ते ऑन. बहुतेक वेळा रोख, बहुतेक वेळा बिलाबाहेर. स्कूटरच्या काळात होता, गॅस आणि टेलिफोनच्या काळात होता. मला वाटत होतं, आता गेला. पण तो कुठं जातोय! जिथं वस्तू थोड्या आणि हात फार, तिथं तो हजर.

गाडीचं आणि मध्यस्थाचं नाव मी लिहीत नाही. प्रश्न कुणा एकाचा नाही. पण गाड्या कुठल्या जातीच्या ते सांगते. परदेशात तयार होऊन येतात, जोरात पळतात आणि अख्ख्या देशाला मोजक्याच मिळतात. २०२५ च्या मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, ५३ लाखांची. पहिल्या १५० गाड्या बघता बघता संपल्या. ऑक्टोबरात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, ४९ लाख ९९ हजारांची. सगळ्या भारतात मिळून १००! आता कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई, बेंगळुरू, दिल्ली, सगळीकडच्या हौशी पोरांनी या शंभरात आपला नंबर कसा लावायचा?

हौस नवी नाही, हेही मी मान्य करते. आपलं गावच तसलं. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोन्याच्या आधी गाडी बघायला मान उंचावणारी माणसं आपण. थोरल्याला शाळेत असताना कार्टिंगच्या ट्रॅकवर नेलं ते आम्हीच. गेली पाच वर्षं तो शिरोलीच्या फौंड्रीत ह्यांच्या बरोबरीनं उभा आहे. पगार साठवलाय, उरलेलं कर्ज स्वतः फेडणार म्हणतोय. तेव्हा 'गाडी कशाला' हा माझा प्रश्न नव्हता. त्यावर आमचं बोलणं आधीच झालं होतं. प्रश्न चार लाखांचा होता.

रात्री जेवणं झाल्यावर सगळे बसलो. थोरल्याची बाजू त्यानं नीट मांडली. तीन मुद्दे होते, तिन्ही वजनदार.

पहिला मुद्दा व्यापाराचा. "मागणी जास्त, माल कमी, म्हणजे भाव वाढणारच. पिग आयर्न वाढलं की आपण ओतकामाचा रेट वाढवून मागतोच की." दुसरा मुद्दा हिशोबाचा. "गाडी दुर्मीळ आहे. विकताना हे चार लाख वसूल होतील." तिसरा मुद्दा मात्र त्यानं माझ्याकडं बघून मांडला. "आई, देवळात पहिल्या अभिषेकाची बोली होते, तिथंही पैसे मोजून नंबरच घेतात ना? तिथं पुण्य आणि इथं पाप कसं?"

तिसऱ्या मुद्द्यावर मी गप्प झाले. खरं सांगते, त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. पहिल्या दोन्हींना मात्र सुचलं.

रेट आपण वाढवून मागतो, पण तो पीओवर लिहून येतो, बिलात दिसतो, त्यावर कर भरला जातो. इथं मध्यस्थ म्हणत होता, "दोन-दोन दिवसांनी थोडे थोडे द्या, म्हणजे कायद्यात बसतं." ह्यांनी लगेच सांगितलं, बसत नाही. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. तुकडे केले तरी व्यवहार एकच राहतो, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे सुरुवातच लपवण्यानं.

आता वसुलीचं. मैत्रिणींनो, हा भाग घरात वाचून दाखवा. गाडीचा विमा उतरवताना तिची रक्कम कंपनीच्या जाहीर किमतीवरून ठरते. सहा महिन्यांपर्यंत त्यातून ५ टक्के घट धरतात, वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के. तुम्ही वर किती मोजले, याच्याशी विमा कंपनीला देणंघेणं नाही. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' नावाचं जादा संरक्षण घेतलं, तरी त्यात इन्व्हॉइसवर आहे तेवढंच मिळणार. बँकही कागदावरच्या किमतीवर कर्ज देते. म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा अपघातात संपली, तर ऑनचे चार लाख पहिल्या क्षणी गेले. ते कधी कुठं नव्हतेच, असं होतं. आणि विकताना वसूल करायचे, तर आपणही कुणाकडून तरी असाच ऑन घ्यायचा. साखळी पुढं चालू ठेवायची.

थांबल्यानं काय होतं, त्याचीही उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग सुरू झालं, तेव्हा पहिल्या २५,००० गाड्या ५७ मिनिटांत नोंदवल्या गेल्या. पुढं वर्ष-वर्ष वेटिंग होतं. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची किंमत २०२४ च्या जुलैत कंपनीनं स्वतःहून काही काळासाठी उतरवली. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला आणि मोठ्या एसयूव्हींवरचा सेस धरून ५० टक्के असलेला कर ४० टक्क्यांवर आला. ज्यांनी आदल्या महिन्यात घाई केली, ते हात चोळत बसले. अर्थात प्रत्येक वेळी थांबण्यात फायदाच होतो, असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस ३५ लाख ९९ हजारांची होती, तेव्हा २०० आल्या होत्या. पाच वर्षांनी आली ती चौदा लाखांनी महाग. तेव्हा 'थांबा, स्वस्त होईल' हे कारण पुढं करू नका, पोरं लगेच खोडून काढतात. कारण दुसरंच पाहिजे.

ते कारण मला सासूबाईंच्या हातात सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गवारी मोडत बसल्या होत्या. रात्रीचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. हातातल्या पाटल्या मागं सारत म्हणाल्या, "ह्या ऑनच्याच हायत, तुला ठाऊक हाय का?" मला ठाऊक नव्हतं. मामंजींनी तरुणपणी चेतक स्कूटर नोंदवली होती. कित्येक वर्षांनी नंबर लागला. तेव्हा ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं वर पैसे देऊन तो नंबर मागितला. घरात गरज होती. मामंजींनी दिला. स्वतः सायकलवरच फिरत राहिले आणि आलेल्या पैशाच्या पाटल्या झाल्या. पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांनी परिग्रह परिमाण व्रत घेतलं. घर, शेत, सोनं, भांडी, सगळं लिहून काढलं. पाटल्यांपाशी आले आणि अडकले. दोन दिवस वही तशीच पडून होती. शेवटी तेवढी रक्कम त्यांनी दसरा चौकातल्या जैन बोर्डिंगला दिली आणि मग पाटल्या वहीत चढल्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पैशापायी त्यांना दोन दिस जेवण गोड लागलं नव्हतं."

मग मी रत्नकरंडक श्रावकाचार काढला. आचार्य समंतभद्रांनी परिग्रह परिमाणाचे पाच अतिचार सांगितलेत. अतिवाहन, अतिसंग्रह, अतिविस्मय, अतिलोभ, अतिभारवहन. स्वाध्यायात आपण हे कितीदा घोकलंय! पण पहिलाच अतिचार वाहनाचा आहे, हे त्या दिवशी जाणवलं. बैलाला त्याच्या शक्तीबाहेर पळवणं असा त्याचा अर्थ करतात, आणि गरजेपेक्षा जास्त वाहनं बाळगणं असाही. अतिविस्मय म्हणजे दुसऱ्याचं वैभव बघून थक्क होणं, मनात खंतावणं. ऑनचा सगळा बाजार याच एका अतिचारावर उभा आहे. त्याला मिळाली, मला नाही. आणि तत्त्वार्थसूत्रात अचौर्याच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचा नियम मोडून देणंघेणं करणं. बिलाबाहेरची रोख याहून वेगळी काय?

पाचवा अतिचार, अतिभारवहन. पूर्वी तो बैलापुरता सांगत. आमच्या फौंड्रीत भट्टीजवळ उभा राहणारा मोल्डर वर्षाला चार लाख कमवत नाही. त्याच्या पगारवाढीच्या वेळी आम्ही शंभर रुपयांवर घासाघीस करतो. आणि नुसत्या नंबरासाठी चार लाख एका फोनवर द्यायला निघालो. हे मी थोरल्याला बोलले, तेव्हा त्याची मान खाली गेली. ह्यांचीही.

आता बोलीचा प्रश्न. आठवडाभर विचार करून मी त्याला जे सांगितलं, ते असं. बोली, म्हणजे आपण जिला सवाल म्हणतो, ती चारचौघांत होते. सगळ्यांना आकडा कळतो, पावती मिळते. पैसा देवळाचा होतो आणि बोली जिंकणारा घरी काही घेऊन जात नाही. मागं उभा असलेला श्रावकही अभिषेक करतोच, त्याचा नंबर कुणी विकत नाही. ऑनमध्ये यातलं काहीच नाही. पण मी पुढं हेही म्हणाले, की तुझा प्रश्न चुकीचा नाही. सवाल धरताना शेजारच्या घराकडं बघून आकडा चढवला असेल, तर तिथंही अतिविस्मयच आहे. देवळात आहे म्हणून त्याचं नाव बदलत नाही. आपण बायकांनीही हे मनाला विचारावं. पंचकल्याणकात इंद्राणी होण्याची हौस आणि मर्यादित गाडीची हौस, दोन्हींत 'मीच पहिली' असेल, तर पोरांना उपदेश करायचा अधिकार आपला अर्धा होतो.

म्हणून माझं मत सांगते. ऑन देऊ नये. परवडत असलं तरी देऊ नये, आणि परवडतं म्हणून तर मुळीच नाही. जास्त किमतीला माझा विरोध नाही. कुणी आपली वापरलेली गाडी उघडपणे, कागदावर, चेकनं, नव्याच्या भावानं विकत असेल आणि आपल्या ठरलेल्या मर्यादेत ती बसत असेल, तर तो साधा व्यवहार आहे. जाहीर लिलावात कुणी जास्त मोजले, तर तोही त्याचा प्रश्न. पण मर्यादा आधी लिहायची आणि किंमत नंतर विचारायची. किंमत ऐकून मर्यादा वाढवली, की ते परिमाण राहत नाही, नुसती नोंदवही होते.

घरात असा विषय निघाला, तर चार गोष्टी विचारा. ही रक्कम बिलात येणार का? गाडी उद्या गेली, तर हे पैसे विम्यात परत मिळणार का? हे पैसे वस्तूचे आहेत, की दुसऱ्याच्या पुढं जाण्याचे? आणि शेवटचं, हा व्यवहार देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांना सांगता येईल का? चारांतलं एकही उत्तर अडलं, तर थांबा. शोरूममध्ये विमा, ॲक्सेसरीज यांच्या नावाखाली रक्कम वाढवत असतील, तरी हेच विचारा. विमा आपल्याला हव्या त्या कंपनीचा घेता येतो, त्यांच्याकडूनच घेण्याची सक्ती नाही.

आमच्याकडं काय झालं? थोरल्यानं नाही कळवलं. आनंदानं कळवलं, असं मी म्हणणार नाही. दोन दिवस घरात कमी बोलला. मग एका कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं गाडीची मर्यादा लिहिली, कर आणि विमा धरून, आणि खाली तारीख टाकली. तो कागद आता मामंजींच्या त्याच वहीत आहे.

महिन्याभरानं आम्ही ताराबाई पार्कातून येत होतो. सिग्नलला शेजारी तसलीच गाडी थांबली. थोरला बघत राहिला. खरं सांगू का, मीही बघत राहिले. सुरेखच होती. सिग्नल सुटला, ती पुढं गेली. थोरला हसून म्हणाला, "आई, अतिविस्मय." मी म्हटलं, "दोघांचाही. चल, संध्याकाळी आरतीला उशीर होईल."