चाक चकाचक, पण आतल्या बाजूचं काय?

सेकंड हँड गाडी बघायला गेलात की नजर आधी रंगावर जाते आणि लगेच चाकांवर. चारही मॅगव्हील लखलखत असतील तर दहा वर्षांची गाडीसुद्धा तीन वर्षांची वाटते. डीलरला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच घासलेल्या, वाकलेल्या मॅगव्हीलना ‘नव्यासारखं’ करून देणारी दुकानं आज जोरात चालतात. ‘बिफोर-आफ्टर’च्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील.

यामागे बाजाराचं गणित आहे. २०२४-२५मध्ये देशात सुमारे ४३ लाख नव्या प्रवासी गाड्यांची विक्री झाली. जुन्या गाड्यांचा बाजार त्याहून मोठा असल्याचा या उद्योगाचाच अंदाज आहे. जानेवारी २०२५पासून डीलरच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर सरसकट १८ टक्के जीएसटी आला. छोट्या गाड्यांसाठी तो आधी १२ टक्के होता. मग त्याच सप्टेंबरमध्ये नव्या छोट्या गाड्यांवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर उतरला. म्हणजे जुनी गाडी विकणाऱ्याची दोन्हीकडून कोंडी. अशा वेळी थोड्या खर्चात गाडीचा भाव वाढवणारा उपाय म्हणजे तिचा लुक.

आणि चाकं खराब व्हायला आपले रस्ते समर्थ आहेतच. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. वाकलेल्या रिमचं बिल मात्र आपल्याच खिशातून जातं. त्यात फॅशन मोठ्या चाकांची. टायरवरचे आकडे वाचून बघा. १८५/६५ आर १५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची १८५च्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. १९५/५५ आर १६ घेतलात तर ती १०७वर येते. दिसायला रुबाबदार, पण खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी १३ मिलिमीटरने पातळ झाली!

दुकानात नेमकं काय होतं?

‘रिफर्बिशिंग’ या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात, आणि खरी गफलत तिथेच होते.

पहिलं काम रंगरंगोटीचं. फुटपाथला घासून आलेले ओरखडे घासून काढायचे, पुटी भरायची, प्रायमर, रंग आणि वर लॅकर. नीट केलं तर यात काहीच वावगं नाही. पावडर कोटिंगमध्ये मात्र चाक साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत जातं. बहुतेक मॅगव्हील ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूची असतात आणि कारखान्यात ठरावीक उष्णता देऊनच त्यांना ताकद आणलेली असते. भट्टीचं तापमान किंवा वेळ हाताबाहेर गेली, तर तीच ताकद कमी होते.

दुसरं काम डायमंड कटचं. लेथवर वरचा पातळ थर कापून चकाकी आणतात. दर वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे एकाच चाकावर हे पुन्हा पुन्हा करता येत नाही.

तिसरं काम म्हणजे बेंड काढणं आणि तडा वेल्ड करणं. धोका आहे तो इथे. लोखंडी रिम वाकते, ठोकून बऱ्यापैकी सरळही होते. मॅगव्हील कडक असते, ती तडकते. तिला गरम करून प्रेसखाली सरळ केलं किंवा तड्यावर वेल्डिंग मारलं, की त्या जागचा धातू पहिल्यासारखा राहत नाही. वरून रंग दिला की हे सगळं झाकलं जातं.

नवं चाक बाजारात येण्याआधी त्याच्या वाकवण्याच्या, भाराखाली फिरवण्याच्या आणि जोरात आदळण्याच्या चाचण्या होतात. गॅरेजमध्ये वेल्ड केलेल्या चाकाची अशी चाचणी कोण घेणार? खासगी गाडीला पहिली १५ वर्षं फिटनेस तपासणी नसते आणि पीयूसी फक्त धूर बघते. जर्मनीत नियम स्पष्ट आहे: मॅगव्हीलवर वेल्डिंग करायचं नाही, गरम करून सरळ करायचं नाही, दुरुस्ती फक्त वरवरच्या ओरखड्यांची. दिसणं आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या नियमातच आहे. आपल्याकडे ही रेषा आपणच आखायची.

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात चाकाने दगा दिला, तर सावरायला सेकंदही मिळत नाही.

मग करायचं काय?

घरची पहिली गाडी सेकंड हँड घेताना मॉडेल, मायलेज, फीचर्स शोधायचं काम बहुतेक वेळा तुमच्याकडेच येतं. त्यात चाकांची तपासणीही जोडा.

गाडी लिफ्टवर चढवून चाकाची आतली बाजू बघा. बहुतेक चाकांचे स्पोक बाहेरच्या बाजूला असतात, आतल्या कडेला तसा आधार नसतो. त्यामुळे खड्ड्याचा फटका बऱ्याचदा आतल्या कडेला बसतो, आणि आपण चाक बघतो बाहेरून! तिथे वेल्डिंगची रेघ, उंचवटा किंवा एवढ्याच भागावर ताजा रंग दिसला तर सावध व्हा.

बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवून घ्या. डगमगत असेल तर बेंड आहे. एकाच चाकावर खूप वजनं चिकटवलेली असतील तर कारण विचारा. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर हवा गळतेय. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो टायर कायद्यानेही बाद.

विकणाऱ्याला थेट विचारा: ‘फक्त रंग दिलाय की बेंड काढलाय, वेल्डिंग केलंय?’ उत्तर बिलावर लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार दुरुस्त केलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण ग्राहक आयोगात जायचं तर हातात बिल हवं.

तुमच्याच गाडीचं चाक तडकलं असेल तर जीव अडकवू नका, ते भंगारात द्या. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नवा धातू तयार करण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे ते वाया जात नाही. ओरखडे असतील तर खुशाल रंगवून घ्या, हवा तो रंग निवडा. तडा असेल तर मात्र चाक बदला.