मध्यरात्रीची मात्रा

निजलेल्या रोग्यास उठवूं नये, असें आपल्या घरोघरीं वडीलधारी माणसें सांगत आलीं आहेत. आणि बहुतेक दुखण्यांत तें योग्यच आहे. परंतु एका दुखण्यांत हा नियम मोडावा लागतो, हें आमच्या इस्लापूरच्या घरानें अनुभविलें, म्हणून वाचकांपुढें ठेवितों.

आमचे धाकटे बंधु अण्णा एके सकाळीं एकाएकीं डोकें धरून खालीं बसले. डोक्यावर वीज पडावी तशी ती वेदना होती. नांदेडास नेल्यावर निदान झालें कीं, मेंदूच्या पृष्ठभागावरील एक फुगलेली धमनी फुटून आवरणाखालीं रक्त पसरलें आहे. पुढें हैदराबादेस ती धमनी बंद करण्यांत आली. आम्हांस वाटलें, संकट टळलें. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, खरी परीक्षा पुढेंच आहे."

कारण असें कीं, सांडलेल्या रक्तामुळें साधारणतः चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या धमन्या आकुंचन पावतात. त्या काळांत सुधारत असलेला रोगीहि अर्धांगानें किंवा वाचा जाऊन खालावतो. हें टाळण्यासाठीं निमोडिपीन नांवाचें औषध देतात. १९८९ सालीं ब्रिटनमध्यें ५५४ रोग्यांवर त्याची परीक्षा प्रसिद्ध झाली. मेंदूचा कांहीं भाग मृत होण्याचें प्रमाण त्यायोगें शेंकडा ३३ वरून २२ वर आलें. पुढें मॅग्नेशियम व स्टॅटिन यांच्याहि परीक्षा झाल्या, पण त्यांनीं गुण दिला नाहीं.

या औषधाची रीत मात्र कडक आहे. ३० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दर चार तासांनीं, २१ दिवस. रात्र असो वा दिवस. अण्णा सतराव्या दिवशीं घरीं आले, तेव्हां चार दिवस उरले होते. पहिल्याच रात्रीं दोनची पाळी माझी होती. गाढ झोप लागलेली, आत्याहि म्हणाली, "निजूं दे रे त्याला." मला दया आली व मीं उठविलें नाहीं. सकाळीं डॉक्टरांस दूरध्वनि केला. ते म्हणाले, "चुकलेली मात्रा दुप्पट करून देऊं नका, रक्तदाब एकदम उतरेल. पुढची वेळेवर द्या. आणि पुन्हां दया करूं नका." अनर्थ झाला नाहीं, हें आमचें भाग्य, माझें शहाणपण नव्हे.

त्याच दिवशीं सूनबाईनें भिंतीवर तक्ता लाविला. सहा वेळा, सहा नांवें. गोळी दिली कीं सही. मध्यरात्रीची पाळी मीं मागून घेतली.

एक सूचना. हें औषध याच प्रकारच्या रक्तस्रावासाठीं आहे. वाढलेल्या रक्तदाबानें मेंदूच्या आंत रक्त सांडतें, तेथें याचा उपयोग नाहीं. तेथें रक्तदाब ताब्यांत ठेवणें हाच मुख्य उपाय होय. म्हणून शेजारच्या रोग्याची गोळी आपल्या रोग्यास देऊं नये.

हल्लीं एकत्र कुटुंबाची निंदा फार ऐकूं येते. तिला उत्तर म्हणून तो सह्यांचा तक्ता मीं जपून ठेविला आहे. त्यांत एक घर रिकामें आहे, तें माझें.