महाग कोणाला म्हणावे?

‘महाग’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. त्याचे कूळ मात्र क्वचितच आठवतो. संस्कृत ‘महार्घ’पासून तो मराठीत आला. ‘अर्घ’ म्हणजे मूल्य; आणि देवाला किंवा पाहुण्याला आदराने जे अर्पण करावयाचे, तेही ‘अर्घ’च. किंमत आणि सन्मान या दोन्ही गोष्टी भाषेने एकाच शब्दात ठेवल्या. आमच्या मते, महागाईमुळे परदेशी पर्यटक दुरावतात काय, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या शब्दातच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या पर्यटनावरून समाजमाध्यमांत मोठा वाद झाला. गोव्यात राहण्याच्या खर्चात थायलंड किंवा व्हिएतनाम पाहून होते, असा एका पक्षाचा दावा होता. राज्य सरकारने तो फेटाळला. आकडे मात्र बोलके आहेत. २०१९ मध्ये गोव्यात नऊ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते, २०२४ मध्ये पाच लाखांहूनही कमी. देशी पर्यटक याच काळात वाढले. या घसरणीचे सारे खापर दरांवर फोडणे अन्यायाचे होईल. मधे करोनाची साथ आली, युक्रेनच्या युद्धाचाही परिणाम झाला. तरीही टॅक्सीच्या भाड्याची तक्रार जुनीच आहे. अॅपवर चालणाऱ्या ‘गोवामाइल्स’ला २०१८ पासून स्थानिक टॅक्सीचालकांचा विरोध आहे. चार महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या चालकाची बाजू आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रवास संपेपर्यंत भाडे किती होणार हेच कळत नसेल, तर पाहुण्याला पैशाआधी आपण फसवले जात आहोत ही भावना टोचते.

किमतीला काहीच अर्थ नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. भूतानने २०२२ मध्ये पर्यटकांवरील दैनिक शुल्क ६५ डॉलरवरून २०० डॉलरवर नेले आणि वर्षभरातच ते १०० डॉलरवर आणावे लागले. उलट जपानचे येन स्वस्त झाले आणि २०२४ मध्ये तेथे साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पाहुणे आले. पण जपानमध्ये फक्त चलन स्वस्त झाले. वेळेवर सुटणारी गाडी, फलकावर लिहिलेला दर आणि तोच दर सर्वांना, या गोष्टी स्वस्त झाल्या नाहीत.

आपल्याकडे नेमकी येथेच गफलत होते. अजिंठा-वेरूळला भारतीयांना ४० रुपये आणि परदेशीयांना ६०० रुपये असे तिकीट २०१८ पासून आहे, म्हणजे पंधरापट. या लेण्यांची देखभाल आपल्या करांतून होते, आणि चंद्रपूरच्या खेड्यातील विद्यार्थ्याला ती चाळीस रुपयांत पाहता आली पाहिजेत, म्हणून दोन दरांना आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्या पंधरापटीचा मोबदला काय? स्वच्छतागृह, नीट लिहिलेले फलक, जाणकार वाटाड्या यांत तो दिसत नसेल, तर ते शुल्क न राहता परकेपणाचा दंड होतो.

आम्ही माजरी परिसराकडे पाहतो, तेव्हा हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. ताडोबाच्या सफारीसाठी एका जिप्सीमागे काही हजार रुपये मोजावे लागतात, तरी सुट्टीच्या दिवसांत जागा मिळत नाही. माजरीजवळच भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत. तेथे असा कोणताच खर्च नाही आणि परदेशी पाहुणाही विरळाच. ह्युएन-त्सांग ज्या कोसल देशाच्या राजधानीत आला, ती हीच नगरी असावी, असा तर्क काही जुन्या संशोधकांनी केला होता. तो वादग्रस्त असला, तरी एवढी कथा दुसऱ्या एखाद्या देशाला पुरली असती! महाग ठिकाणी गर्दी आणि स्वस्त ठिकाणी शुकशुकाट, हे चित्र स्वस्ताईच्या भाबड्या सिद्धान्ताला छेद देते. स्वस्ताई म्हणजे आमंत्रण नव्हे. लेण्यांची कथा सांगणारा कोणी भेटला नाही, तर पाहुण्याला तेथे केवळ अंधार आणि वटवाघळे दिसतात.

आमच्यासाठी ही केवळ चर्चा नाही. माजरीची चूल कोळशावर पेटते, आणि खाण कधी ना कधी संपतेच. त्यानंतर पर्यटन रोजगार देईल, असे सांगितले जाते. ते खरे व्हायचे असेल, तर दर कमी करण्याची घाई नको. ठरलेला दर ठळकपणे लावावा, त्याची पावती द्यावी आणि त्या दरात काय मिळेल ते आधी सांगावे. भाषा आणि इतिहास शिकलेल्या आपल्या मुलामुलींना वाटाड्याचे काम सन्मानाने व पुरेशा मोबदल्यावर मिळावे. मराठीची पदवी घेऊन नोकरीच्या जाहिराती चाळणारा विद्यार्थी विजासनच्या दारात उभा राहून अस्खलितपणे ती कथा सांगू शकतो; त्यासाठी त्याला थोडे प्रशिक्षण आणि थोडा विश्वास हवा.

देश महाग असला म्हणून पाहुणा परत जात नाही. पहिला अर्घ वसूल करताना आपण दुसरा द्यायला विसरलो, तर मात्र तो पुन्हा येत नाही.