दोन आंधळे मासे, पिल्लांना मात्र दृष्टी! हे घडतं कसं?

मेक्सिकोतल्या काळोख्या गुहांमध्ये टेट्रा जातीचे आंधळे मासे राहतात. दोन वेगळ्या गुहांतल्या माशांची जोडी जमवली, तेव्हा त्यांच्या काही पिल्लांना चक्क दिसू लागलं. हा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

कारण काय? दोन्ही गुहांतल्या माशांमध्ये बिघडलेली जनुकं वेगवेगळी होती. आईकडची उणीव वडिलांकडच्या चांगल्या जनुकाने भरून निघाली. म्हणजेच दोन्हीकडे डोळे स्वतंत्रपणे गेले होते.

वापर नाही म्हणून डोळे गेले का?

अगदी तसं नाही. उजेडात अधू डोळ्यांचा मासा टिकत नाही. अंधारात मात्र त्याचं काही अडत नाही, म्हणून जनुकांमधले दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. शिवाय डोळ्यांना भरपूर ऊर्जा लागते. अन्नाची टंचाई असलेल्या गुहेत ती बचत फायद्याचीच ठरते.

या माशांची रक्तशर्करा जास्त असते आणि इन्शुलिनचा परिणामही कमी होतो. तरीही ते ठणठणीत राहतात, असं 2018 च्या संशोधनात दिसलं. मधुमेहाच्या अभ्यासकांना यात रस आहे तो म्हणूनच.

भारतात असे मासे आहेत?

हो. पण नाशिकच्या पांडवलेणीसारख्या कोरीव लेण्यांत नाहीत. त्यांना पाण्याने पोखरलेल्या नैसर्गिक गुहा किंवा भूजल साठवणारा खडक लागतो. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांमध्ये 40 सेंटीमीटरहून मोठा मासा सापडला. गुहेत राहणाऱ्या ज्ञात माशांत तो जगात सर्वांत मोठा. 2023 मध्ये त्याला 'निओलिसोचिलस प्नार' हे नाव देणाऱ्या संशोधकांमध्ये नीलेश डहाणूकर होते. त्यांनी पूर्वी पुण्याच्या 'आयसर'मध्ये काम केलं आहे.

केरळात जांभ्या खडकातल्या भूजलात 'होराग्लानिस' हे इवलेसे आंधळे मासे राहतात. दिसायला सारखे, पण डीएनएमध्ये मोठा फरक. त्यातल्या एका नव्या प्रजातीला 2023 मध्ये 'पॉप्युली', म्हणजे 'लोकांचा', असं नाव मिळालं. कारण विहिरीत सापडलेल्या माशांची खबर लोकांनीच दिली होती.

मग चिंता कशाची?

भूजलाचा बेसुमार उपसा, प्रदूषण आणि खाणकाम. जमिनीखालचा मासा संपला तरी वर कुणाला पत्ता लागत नाही. त्याच्यासोबत लाखो वर्षांचा जनुकीय इतिहासही जातो.

जांभा कोकणातही आहे. विहीर उपसताना फिकट, बिनडोळ्यांचा मासा दिसला तर फेकू नका. फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागाला कळवा.